सुखाने नांदली

माझं डोकं फिरलं ते एका वाक्यावरून. आजही आठवलं की फिरतं.

सत्त्याण्णव साल होतं. आमच्या शहराच्या नानाखेडा भागात माझा कॉम्प्युटर क्लास होता. प्रभाकरकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून कधीच रिटायर झाले होते, आणि आता घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं त्यांनी मनावर घेतलं. त्यांच्या मुलाने, सुहासने, अमेरिकेहून वंशावळीचं सॉफ्टवेअर फ्लॉपीवर पाठवून दिलं. रोज दहाच्या ठोक्याला काका रजिस्टर काखोटीला मारून हजर, आणि टाइप करायला मी.

ते सॉफ्टवेअर मोठं आगाऊ होतं. आपण नाव, साल, गाव भरायचं; वाक्य ते स्वतः जुळवायचं. जन्माचं एक, लग्नाचं एक, मृत्यूचं एक. वाक्यांचे साचे इंग्रजीत होते, ते आम्हाला मराठीत करून घ्यायचे होते. पुरुषांसाठी काकांनी मुंज, नोकरी, बदली, बढती, सगळ्यांचे साचे करवून घेतले. लग्न झालेल्या मुलींसाठी मात्र एकच: ‘हिचा विवाह अमुक साली अमुक येथे झाला व ती सासरी सुखाने नांदली.’

“सगळ्यांना हेच?” मी विचारलं.

“सगळ्यांना. एकदा बसवलं की झंझट नाही. तुझं लग्न झालं की तुझ्याही नावापुढे आपोआप येईल बघ!” वर हसले. मी तेव्हा तो साचा तसाच बसवून दिला, चुकलंच माझं.

घराण्याच्या संमेलनाच्या आधी पानं तपासायला प्रिंटरवर काढली आणि त्यात अक्काचं पान हाती आलं. ‘वासंती ऊर्फ अक्का. हिचा विवाह १९४४ साली आगर येथे झाला व ती सासरी सुखाने नांदली.’

सुखाने! अक्का माझी आत्या, काकांची थोरली बहीण. दोन वर्षांत माहेरी परत आली, ती डावा हात कोपरापर्यंत भाजलेला घेऊन. स्टोव्ह भडकला नव्हता, चूल उलटली नव्हती. धरून भाजला होता मेल्यांनी. मग ती शिकली, चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. त्यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं.

“काका, हे धडधडीत खोटं आहे.”

“अगं, रामघाटावरच्या धर्मशाळेत दोनशे माणसं जमणार. इंदूर, ग्वाल्हेर, पुणं. त्यांच्यासमोर घरची धुणी धुवायची? पचास साल पुरानी बात, किसको पड़ी है!”

“अक्काला पडलीय! रोज विचारते, माझं पान निघालं का म्हणून. साच्याला हात न लावता तेवढ्या एका नोंदीचं वाक्य बदलता येतं, काका. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नाही म्हणजे नाही. परवा प्रेसला द्यायचंय.”

मी ते पान उचललं आणि तडक अक्काच्या खोलीवर गेले. काका मागोमाग, “गौरी, थांब, ऐक तर” करत. अक्का खिडकीशी शेंगा सोलत होती. तिला मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं. “आलं का माझं पान? वाच की,” म्हणाली. मी वाचलं.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ही कोण बाई?”

काका दारातच उभे होते. “तुला कमीपणा नको म्हणून, अक्का...”

“मला? मला रे कसला कमीपणा?” तिने हातातली शेंग सुपात आपटली. “वडील म्हणाले, दिली ती दिली, आता तिथेच राहील. आई नुसती रडत बसली. आणि तू, हाफपँट घातलेलं पोर, कुणाला न सांगता आगरला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसून आलास. अनवाणी! त्यांच्या ओसरीवर उभं राहून म्हणालास, मी अक्काला न्यायला आलोय. पाच बाप्ये होते समोर. हात बघून रडलास, पण दुसरा हात धरून मला बाहेर काढलंस. जन्मात एवढं एक मोठं काम केलंस, प्रभाकर, आणि तेच खोडतोस? लाज नाही वाटत?”

मला हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे ‘अक्का परत आली’ एवढंच बोलायचे, तेही आवाज खाली घेऊन. कुणी आणली ते कधी कुणी सांगितलं नाही.

“गौरी, लिही,” अक्का म्हणाली. “१९४६ साली तिचा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ प्रभाकर तिला आगरहून घरी घेऊन आला. मग माझ्या शाळेचं लिही. आणि हेच त्याच्याही पानावर घाल, त्या बढत्यांच्या वर.”

माझा राग काही उतरला नव्हता. “काय काका, लिहू? की सुखाने नांदूच देऊ तिला?”

काका खाली बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

“चौदा नाही,” शेवटी म्हणाले. “तेरा. तेरा वर्षांचा होतो मी. तेरा लिही.”