खोबरेल तेलाचे दोन थेंब

गुरुवार, ३ सप्टेंबर १९८७. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पायस सरांनी माझं बटण दाबलं आणि माझ्यातून कावेरीचा आवाज आला. तो जाड, लांबलेला, ओळखू न येणारा होता.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सरांच्या थोरल्या भावाने मला कुवेतहून आणलं. पाच वर्षं मी मालवणात त्यांच्या घरी लग्नाची गाणी वाजवली. मग सरांनी मला कॉलेजात नेलं. ते प्राणिशास्त्र शिकवत. इतर वर्गांत प्राध्यापक टिपणं सांगत आणि मुलं उतरवून घेत. सर मात्र पाठ आधीच कॅसेटवर बोलून ठेवत. मुलं तो वाचनालयात ऐकत आणि कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर आपले प्रश्न भरत. तासाला फक्त त्या प्रश्नांवर बोलणं होई. दर शनिवारी सर कापूस आणि स्पिरिटने माझे रूळ पुसत. ते दिवस मानाचे होते.

प्राचार्यांना ही रीत पसंत नव्हती. "मुलं खरंच विचारतात का, ते गुरुवारी येऊन बघतो. नाहीतर सोमवारपासून टिपणं," असं त्यांनी सांगितलं होतं.

त्या आठवड्याचा प्रश्न कावेरीचा होता. तोंडवली गावची ही मुलगी दीड वर्षात वर्गात एकदाही बोलली नव्हती. वाचनालयात चारचौघांत बोलायला ती लाजे, म्हणून सरांनी मला तिच्याबरोबर घरी पाठवलं. बुधवारी दुपारी माडाखाली बसून तिने पाच वेळा प्रश्न भरला, चार वेळा पुसला.

संध्याकाळी तिचे वडील विश्राम रापणीचं जाळं ओढून आले. त्यांनी माझं झाकण उघडून पाहिलं आणि तेलाची बाटली घेतली.

"बाबा, तां मशीन कॉलेजचा आसा!"

"म्हणानच तेल घालतंय. लोकांची वस्तू बरी ठेवन परत देवक व्हयी. ही खारी हवा लोखंड खाता. माझी कोयती बघ, धा वर्सां झाली, गंज नाय."

खोबरेल तेलाचे दोन थेंब माझ्या रबरी रुळावर पडले. विश्राम कुलपाला, अडकित्त्याला, सायकलच्या साखळीला तेच लावत. माझा रूळ मात्र कोरडा असला तरच फीत धरतो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

म्हणून गुरुवारी फीत घसरली. मागच्या बाकावरून भिकाजी ओरडला, "सर, ह्येना सकाळीच घेतल्यान वाटता!"

वर्ग हसला. तास बघायला येऊन बसलेल्या प्राचार्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी बटण दोनदा दाबून पाहिलं आणि मला बंद केलं. "हा प्रश्न कोणाचा?" त्यांनी विचारलं.

कावेरी उठली.

"माझो, सर. टेपेत सांगितलात, माशाच्या कुशीत पार्श्वरेषा आसता, तेका पाण्यातलो कंप कळता. पण दर्यो तर सारखोच हलता. मग तेतूर होडयेचो कंप येगळो कसो कळता?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"प्राध्यापकांनाच माहीत नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही. पण आता शोधावं लागेल."

"लाट हळू येता, वल्ह्याचो फटको एकदम," भिकाजी बोलून गेला.

"मग इंजिनाच्या होडयेचा काय? ती तर थांबतच नाय," कावेरी त्याच्याकडे वळून म्हणाली. तास संपला तेव्हा चौघे एकदम बोलत होते आणि सर त्यांचे मुद्दे फळ्यावर उतरवत होते.

मित्रांनो, वस्तूची काळजी घ्या, पण ती कशी घ्यायची हे आधी विचारून घ्या. विश्रामांचा मला राग नाही. इतक्या जपून मला आजवर कोणी हातात धरलं नव्हतं.

आज शनिवार आहे. मी बाजारात बाबलीच्या दुरुस्तीच्या दुकानात पाठ उघडी टाकून पडलो आहे. रबर फुगलं आहे, नवा रूळ मुंबईहून यायचा आहे. साडेबाराला सर येऊन बाबलीला सांगून गेले: कॉलेजच्या सूचनाफलकावर 'सोमवारपासून टिपणं' असा प्राचार्यांचा कागद तोवर लागलेला नव्हता.