ग्रुपवर टाका

अमरावतीच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात एक नियम होता: स्टाफनं एकमेकांशी जे काही बोलायचं, ते व्हॉट्सॲप ग्रुपवर. फिजिओ भावना तायडेनं सकाळीच लिहिलं होतं, 'कुलदीपच्या मांडीचा स्नायू दुखावला आहे. आज खेळवू नये.' पण नेमका त्याच दिवशी अध्यक्षांचा वाढदिवस निघाला. केक, हार आणि जोडलेल्या हातांच्या इमोजींच्या ढिगाखाली कुलदीपची मांडी गाडली गेली.

दुपारी अकोल्याच्या मैदानावर सामना सुरू झाला आणि कुलदीप पळताना दिसला, तशी भावना कोच गावंडेंकडे धावली.

"सर, त्याले बाहेर काढा. स्नायू फाटन त्याचा!"

"ग्रुपवर टाका ना मॅडम. तोंडी चालत नाई आपल्याकडं."

"सकाळीच टाकलं!"

"मंग पाह्यतो," गावंडे म्हणाले, आणि खरोखरच मोबाइल काढून शुभेच्छा वर सरकवत बसले. त्यांची स्वतःची एक राहिली होती, ती त्यांनी आधी पाठवली.

तेवढ्यात कुलदीप मांडी धरून कोसळला.

भावना बर्फ घेऊन पोचली, तेव्हा तो दात आवळून म्हणाला, "ताई, तुमी सांगतलं नाई का त्यायले?"

तिनं बर्फ त्याच्या मांडीवर दाबून धरला. स्ट्रेचर निघालं, तसे गावंडे समोर आले.

"सापडला बरं तुमचा मेसेज," ते समाधानानं म्हणाले. "पण साहेबायले शुभेच्छा नाई देल्या तुमी अजून."

त्यांना खांद्यानं बाजूला लोटून भावनानं स्ट्रेचर पुढं नेलं.