गुडघ्याची बातमी

ट्रेंट कॅलोवेची मुलाखत लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. लागोपाठ जिंकणाऱ्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजात यायला एवढा उतावीळ का, हे मला कळत नव्हतं. पण नवा प्रशिक्षक निवडणाऱ्या समितीतले बाकीचे दोघे खूश होते: क्रीडाप्रमुख लाईल आणि अध्यक्षा इंग्रिडबाई. माझी नेमणूक जुना खेळाडू म्हणून होती.

तेवढ्यात कॅलोवे सहज म्हणाला, "मालिकचा गुडघा उन्हाळ्यापर्यंत सुधारेल. तोवर दुसरा क्वार्टरबॅक तयार करू."

मी चपापलो. मालिक प्रुइट आमचा हुकमी क्वार्टरबॅक, चढाईची सगळी सूत्रं हलवणारा खेळाडू. त्याचा गुडघा सरावात दुखावला, ही गोष्ट तो स्वतः, डॉक्टर आणि आम्ही तिघं सोडून कुणाला ठाऊक नव्हती. वर्तमानपत्रवाल्यांनाही आम्ही ताकास तूर लागू दिली नव्हती.

कॅलोवेचं नाव लाईलनंच सुचवलं होतं. बाहेर गाड्यांपाशी मी त्याला गाठलं आणि आतली बातमी तूच फोडलीस का, असं सरळ विचारलं.

"तुझ्या पोरीच्या लग्नात मी नाचलोय, रेनी," तो म्हणाला. "आणि तू मला हे विचारतोस?"

त्यानं नाही म्हटलं नाही. माझा संशय आणखी बळावला.

मग मी व्यायामशाळेत मालिककडे गेलो. पाय बाकावर ठेवून तो गुडघ्याला बर्फ लावत बसला होता. कॅलोवेचं नाव काढताच त्यानं मान खाली घातली.

"हंगामभर फोन करायचे," तो म्हणाला. "आमच्या संघात ये म्हणायचे. आईशीपण बोलायचे, तिच्या पाठदुखीची चौकशी करायचे."

"मग?"

"गुडघ्याचं मीच त्यांना सांगितलं. तेव्हापासून फोन बंद."

हे मी समितीपुढे ठेवलं. लाईल म्हणाला की दुसऱ्याची पोरं सगळेच फोडतात, जिंकायचं असेल तर असाच माणूस लागतो. इंग्रिडबाईंनी कॅलोवेला फोन लावून विचारलं, मालिकची तब्येत विचारायला त्याला शेवटचा फोन कधी केलात? पलीकडून हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

आम्ही दुसरा उमेदवार वॉल्टर डुप्री याला नेमलं. मुलाखतीत तो अडखळला होता, दोन प्रश्नांना तर त्यानं 'माहीत नाही' म्हटलं होतं. पहिला हंगाम आम्ही सपाटून हरलो.

लाईलची मी माफी मागितली. त्यानं हात मिळवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.