ताईवोची बैठक

नियम सातवा असा होता: वास्तव विभागात दिलेल्या कामात दोन चित्रं जोडलेली असतील, तर सांधा कामात उघड असला पाहिजे. तो ओगुनदिरान सरांनी स्वतः लिहिला होता, आणि इसेयिनच्या तंत्रनिकेतनात डिजिटल माध्यमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एकोणतीस जणांना तो पाठ होता.

"फोटो म्हणजे पाऊलखूण," सर पहिल्या तासापासून सांगत आले होते. "पाऊल पडलं नसेल तर खूण नाही. हातानेच कोरायची असेल तर जरूर कोरा, पण मग कल्पना विभागात या. तिथे मी सढळ हाताने गुण देतो."

शेवटच्या प्रकल्पात एक फोटो आणि त्याच्याबरोबर दोन मिनिटांचा आवाज द्यायचा होता. निवडलेली कामं दालनात लागणार, प्रत्येकाखाली विभागाची पाटी: वास्तव किंवा कल्पना. पन्नासच्या वर गुण आले तर देमीला ध्वनिकक्षात सहायकाची जागा मिळणार होती. तिचं पूर्ण नाव अबिदेमी. आवाजाच्या संपादनात ती वर्गात पहिली होती आणि सरांनी तिचं नाव आधीच पुढे पाठवलं होतं.

तिने फोटोसाठी निवडली इया एलेवा. फाटकासमोर शिजवलेली चवळी विकायची म्हणून सगळे तिला असंच म्हणत: चवळीवाली आई. खरं नाव केहिंदे अयांतोला, म्हणजे जुळ्यातली दुसरी; मागून जन्मते तीच मोठी, असं तिथे मानतात. पहिली ताईवो सातव्या वर्षी गोवराने गेली. दोघींचा एकत्र फोटो निघालाच नव्हता. गेलेल्या जुळ्याची करतात तशी आईने ताईवोची लाकडी बाहुली करून घेतली होती, पण वडील मुसलमान होऊन नमाजाला लागल्यावर ती बाहुली घरात राहिली नाही. पुढे गावातला फोटोवाला अशा घरांना फोटो काढून द्यायचा. राहिलेल्या जुळ्याला दोनदा बसवायचं, एकदा स्वतः म्हणून आणि एकदा गेलेल्याच्या नावाने, आणि दोन्ही एका कागदावर शेजारीशेजारी छापायचं. असे फोटो इसेयिनमध्ये अजून कित्येक बैठकीच्या खोल्यांत आहेत. इया आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. तेवढ्यात फिल्म मिळेनाशी झाली आणि त्याने दुकान बंद केलं.

"तू फोटोच शिकतेस ना?" एका दुपारी तिने देमीच्या ताटलीत पळीभर जास्त वाढत विचारलं. "की नुसतीच ताटली पुसायला येतेस?"

"शिकते, इया."

"मग मला आणि ताईवोला बसव. दात आहेत तोवर."

देमीने पहिल्यांदा जे केलं ते वर्गातल्या कुणीही केलं असतं. इयाचा एक चांगला फोटो काढला, त्याची प्रत केली, ती आरशासारखी उलटवली आणि शेजारी बसवली. काम चाळीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी तिने गुडघे टेकून नमस्कार केला आणि फोन इयासमोर धरला.

इयाने चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं.

"ही मी. आणि ही आरशातली मी. ताईवो कुठाय?"

"ही उजवीकडची, इया."

"हिच्या जबड्यावर हा डाग कसला?"

डाग भाजल्याचा होता. चाळीस वर्षांपूर्वी चवळीचं पातेलं कलंडलं, तेव्हाचा. इयाच्या डाव्या जबड्यावर तो होता, आणि उलटवलेल्या प्रतीत उजव्या जबड्यावर.

"ताईवोने चवळी विकली का कधी?" इयाने विचारलं. "पातेलं माझ्यावर पडलं. कष्ट मी करायचे आणि डाग तिलाही? ती ऐकून घेणार नाही. तिचा स्वभाव तुला माहीत नाही."

"डाग मी पुसून टाकते."

"पुसू नकोस. तिला बसव."

देमी घरी गेली नाही. प्रयोगशाळेत जाऊन तिने ती फाइल काढून टाकली.

शनिवारी सकाळी इयाच्या घरी, मागच्या पडवीत, तिने राखाडी पडदा लावला. तिवई हलू नये म्हणून पायांशी विटा ठेवल्या, स्टुलाची जागा खडूने आखली. कपडा दोघींना एकच हवा होता; इसेयिनच्या मागावरचं निळं कापड, तेच डोक्यालाही. दहा वाजता केहिंदे बसली. सरळ, हात मांडीवर, डावा गाल कॅमेऱ्याकडे. आवाजासाठी देमीने पडद्याआड माइक लावला आणि विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा." इयाने मुलं, नातवंडं, चवळीचे भाव असं सगळं सांगितलं.

"आता ताईवो," देमी म्हणाली.

"अशी लगेच नाही येत ती."

इया उठली. आत जाऊन तिने चवळीची एक ताटली भरली आणि चुलीपाशी बसून सावकाश खाल्ली. जुळ्यांना चवळी द्यायची असते. ती कुणाच्या तोंडातून द्यायची यावर कुणी वाद घालत नाही. मग डोक्याचं कापड सोडून दुसऱ्या बाजूला गाठ मारली. पुन्हा येऊन बसली तेव्हा साडेअकरा झाले होते.

या वेळी ती स्टुलाच्या कडेवर बसली, उठून जायची घाई असल्यासारखी. उजवा गाल पुढे आला आणि डाग आपोआप मागे गेला. देमीने काही सांगितलं नव्हतं.

"काय बघतेस?" इया म्हणाली. आवाज तोच होता, पण बोलणं भराभर. "मला हिने पुढे पाठवलं. जा, जग कसं आहे बघून ये, म्हणाली. मी बाहेर आले, रडून सांगितलं की ठीक आहे, ये. मग ही आली आरामात, मागून, आणि म्हणे मीच मोठी! सत्तर वर्षं ही चवळी खातेय. मला कुणी विचारलं, तू किती खाल्लीस?"

देमीने बटण दाबलं. एकवीस फोटो झाले.

अडचण सोमवारी आली. प्रयोगशाळेत तिने दोन्ही बैठका शेजारी ठेवल्या. पडदा एक, उजेड जवळजवळ एक. मधल्या दीड तासात ऊन सरकलं होतं, तेवढा फरक. नियमाप्रमाणे मधे एक बारीक उभी रेघ ठेवून तिने फोटो इयाला दाखवला.

"ही भिंत कुणी घातली?" इया म्हणाली. "एका पोटात होतो आम्ही. तिथे नव्हती."

रेघ ठेवली तर इया फोटो घेणार नव्हती. काढली तर सर तो कल्पना विभागात टाकणार, आणि दालनात दोघींच्या खाली 'कल्पना' अशी पाटी लागणार. फाटकाबाहेरचं निम्मं गिऱ्हाईक ती वाचून इयाला सांगणार.

शेजारच्या संगणकावर जिबोला होता. तो दुसऱ्याच्या कामात लक्ष घातल्याशिवाय स्वतःचं करू शकत नसे.

"यात रडण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "दोन फाइली कर. रेघवाली सरांना, बिनरेघेची म्हातारीला. दोघं कधी एकमेकांना भेटणारेत?"

"नाही."

"नाही म्हणजे भेटणार नाहीत, की करणार नाहीस?"

"करणार नाही. तीच खरी बनवाबनवी होईल."

"बरं, मग आवाज तरी बदल. ताईवोचा जरा बारीक कर. मजा येईल."

"जिबोला, तुझं बघ. तुझ्या फोटोतल्या नवरदेवाला तीन कान आहेत."

त्याने दचकून पडद्याकडे पाहिलं. खरंच तीन होते.

देमीने फोटोतली रेघ काढली. ऊन आणि सावली जुळवली, चेहऱ्यांना हात लावला नाही. मग हेडफोन चढवून आवाजाकडे वळली. शेजारच्या जनरेटरची घरघर कमी केली, इयाचा खोकला काढला. दोन्ही बोलणी मिळून दोन मिनिटांत बसवायची होती. रेकॉर्डर मधल्या दीड तासात चालूच राहिला होता. तो भाग सरळ कापून टाकायचा असतो. तिनेही कापायला निवडला, आणि कापण्याआधी एकदा ऐकला.

स्टूल फरशीवर सरकलं. एका माणसाच्या चपला आत गेल्या. ताटली वाजली. बऱ्याच वेळाने त्याच चपला परत आल्या. कापड सळसळलं. स्टूल पुन्हा सरकलं.

तिने त्यातले शेवटचे अकरा सेकंद निवडले आणि दोन्ही बोलण्यांच्या मधे ठेवले. त्यासाठी केहिंदेच्या नातवंडांपैकी दोघं कापावी लागली.

गुरुवारी ओगुनदिरान सरांनी काम पाहिलं, एकदा ऐकलं आणि चष्मा काढला.

"उत्तम आहे. कल्पना विभाग. पासष्ट."

"वास्तव विभाग, सर."

"सांधा कुठे आहे?"

"आवाजात. पन्नासाव्या सेकंदापासून एकसष्टपर्यंत. त्याच चपला परत येतात, स्टूल पुन्हा सरकतं. नियमात 'कामात उघड' असं आहे, 'चित्रात' असं नाही. आणि काम म्हणजे फोटो आणि आवाज, दोन्ही."

सरांनी नियमावली उघडली. स्वतःचंच वाक्य दोनदा वाचलं.

"तुला वकिलीला घालायला हवं होतं. ऐक, माझा मुद्दा नियमाचा नाही. ही बाई आहे, मान्य. ही दुसरी त्या दिवशी तिथे नव्हती. पाऊल पडलं नाही."

"पाऊल दोनदा पडलं, सर. दहा वाजता आणि साडेअकराला. दोन्ही मूळ फाइली आहेत, वेळेसकट. मी एक पाऊल उचलून दोन केली असती तर तुम्ही म्हणता ते बरोबर. तेही मी आधी केलं होतं. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि परत केलं."

"फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची संमती लागते. फोनवर विचारून मी स्वतः अर्ज भरतो. दोन व्यक्ती, दोन अर्ज. दुसरा कसा भरू?"

"पहिल्यासारखाच. विचारून."

सरांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"कोण? चवळी संपली," इया म्हणाली.

"मी तंत्रनिकेतनातून बोलतोय, ओगुनदिरान. नमस्कार, इया. फोटोबद्दल तीन प्रश्न विचारायचेत. फोटो तुमच्या संमतीने काढला?"

"मग काय चोरून? बसले होते मी. पाठ दुखली."

"तुम्ही आहात तशाच त्यात दिसता?"

"डागासकट."

"काही बदल हवाय?"

"भिंत होती, ती काढून घेतली."

सरांनी पहिला अर्ज भरला. दुसरा समोर ओढला, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"इया," सर शेवटी म्हणाले, "ताईवो आहेत का?"

पलीकडे पातेलं घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आहे. पण ती फोनवर बोलत नाही. तिच्या वेळी फोन कुठे होते? तिला काय विचारायचं ते मला विचारा. मोठी मी आहे."

"त्यांची संमती होती?"

"ती स्वतःहून आली. आवडलं नसतं तर आली नसती, मला बसवून ठेवलं असतं संध्याकाळपर्यंत."

"त्या आहेत तशा दिसतात?"

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सात वर्षांची होती हो ती," इया म्हणाली. "आता कशी दिसली असती ते माझ्याशिवाय कुणाकडे आहे? दिसते. लिहा, दिसते."

"काही बदल?"

"नको."

सरांनी लिहिलं. उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात 'बहिणीमार्फत' असं घातलं. फोन ठेवला आणि तो आवाज परत पहिल्यापासून लावला. अकरा सेकंद आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

"वास्तव," ते म्हणाले. "पण सांधा चित्रात नाही याचे मी गुण कापणार. नियमाचा अर्थ मला तोच अभिप्रेत होता, आणि बाहेरचे परीक्षक मलाच विचारतील. वास्तव विभागात हे काम चौसष्टचं होतं, त्यातून वीस गेले. चव्वेचाळीस. पास होशील. ध्वनिकक्षाची जागा जाईल. कल्पना विभाग घेतलास तर पासष्ट आणि जागा, दोन्ही. सही करण्याआधी बाहेर जाऊन विचार करून ये."

"विचार झालाय, सर. कुठे सही करू?"

"जागा पुन्हा वर्षभर निघणार नाही, देमी."

"माहीत आहे."

तिने सही केली, तारीख घातली, आणि साडेअकराची वेळ दुसऱ्या अर्जावर राहिली होती तीही सरांकडून लिहून घेतली.

फाटकाबाहेर इया पातेली आवरत होती. देमीला पाहून तिने कमरेवर हात ठेवले.

"तुमचा तो माणूस फार प्रश्न विचारतो. झालीस का पास?"

"झाले."

"किती?"

"चव्वेचाळीस."

"पन्नासात?"

"शंभरात."

"शंभरात! आणि त्यासाठी एवढं भांडलीस?"

"तुम्ही दोघी वास्तव विभागात लागणार, इया. सोमवारी."

खालच्या पातेल्यात थोडी चवळी उरली होती, संपली असं ती सगळ्यांना सांगत असली तरी. ती तिने ताटलीत खरवडली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "म्हणजे तिला बावीस आणि मला बावीस. वाईट नाही. शाळेत दोघींपैकी एकही गेली नव्हती."

पाच वाजता वीज जाते. त्याआधी पाटी छापायची होती, म्हणून देमी उभ्यानेच खाऊन आत गेली.