पस्तीस मिनिटांची वाट

दवाखान्याच्या दारावर लावलेलं आरोग्य खात्याचं पत्र तुफानने दोनदा वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गावातला एका खोलीचा दवाखाना महिनाअखेरीस बंद, नर्सबाईंची बदली. कारण एका ओळीत उरकलं होतं: राजधानीतलं मोठं इस्पितळ बसने अवघ्या पस्तीस मिनिटांवर आहे.

गावाला बस एकच, आणि ती चालवायचा तुफान. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलेलं, कारण हल्ली सायकलवालाही त्याच्या आधी पोहोचायचा. त्यात त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? राजधानीवाल्यांना शहरात गोदामं नकोशी झाली, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती गावच्या रस्त्यालगत आणून उभी केली. विकास आला म्हणून गावाने टाळ्याही पिटल्या. कामाला माणसं बाहेरून आली आणि गावाच्या वाट्याला ट्रकांची रांग. पस्तीस मिनिटांच्या वाटेला आता अडीच-तीन तास लागत.

घरात त्याच्या मुलीचा आठवा महिना सरत आला होता. रक्तदाब वाढतोय, रोज माझ्या नजरेखाली राहू दे, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पत्रातला मजकूर त्याने बायकोला सांगितला.

"हे पस्तीस कुणाच्या डोक्यातून निघालं?" एवढंच ती म्हणाली.

तेच विचारायला दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी घेऊन तुफान राजधानीत गेला. ट्रकांत अडकत अडकत पोहोचायला दोन तास पन्नास मिनिटं लागली. प्रवासी उतरवून तो तडक कचेरीत शिरला आणि आरोग्य खात्याच्या कारकुनाला त्याने चांगलंच फैलावर घेतलं. खुर्चीत बसून अंतरं मोजता का, एकदा येऊन तरी बघा, असं बरंच काही सुनावलं. कारकुनाने कपाटातून एक जाडजूड गठ्ठा काढला आणि तुफानपुढे ठेवला. बस खात्याकडून मागवलाय, म्हणाला.

ती फेरीपत्रकं होती, गोदामं आली त्या सालापासूनची. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, खाली चालकाची सही. पानापानावर पस्तीस मिनिटं.

तुफान पानं उलटत गेला. अक्षर त्याचंच होतं. उशीर लिहिला की मागे कारण लिहा, मग साहेबापुढे उभं राहा, ही कटकट हवी कुणाला? सगळेच चालक चहा पिता पिता वेळापत्रकातली वेळ उतरवून मोकळे होत. कालही त्याने तेच केलं होतं. हे कागद कोण वाचतंय, असं तो हसून म्हणायचा. आज त्याला स्वतःची किळस आली.

"खोटं आहे हे," तो कसाबसा म्हणाला.

"कुणी लिहिलं?"

"मीच."

कारकुनाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "लेखी दिलंत तर दवाखान्याचा निर्णय थांबवता येईल. पण तुमची नोकरी जाईल, काका."

"पोरीचे दिवस भरत आलेत," तुफान म्हणाला. "कागद द्या."

त्याने कबुली लिहिली आणि खाली आजच्या फेरीची वेळ टाकली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने खरा आकडा लिहिला: दोन तास पन्नास मिनिटं.