टाकीची सुट्टी

खडूबाईंनी पाठवायचं बटण दाबलं, फोन टेबलावर उपडा ठेवला आणि दोन्ही हात झटकले. बोटांना खडूचा कण नसतानाही हात झटकायची त्यांची सवय जुनी. मुलांनी ठेवलेलं नाव त्यातूनच आलेलं.

"झालं?" शेजारच्या विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"झालं म्हणजे काय, फक्कड झालं!"

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा तो शेवटचा तास होता. शिकवणाऱ्या ताईंनी आज प्रत्येकाला एक खोटी सूचना बनवून प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकायला सांगितली होती. खोटं कसं बनतं ते कळलं की पकडताही येतं, असं त्यांचं म्हणणं. खडूबाईंनी शाळेचं नाव वर छान मध्यभागी घेतलं, जुन्या परिपत्रकाच्या फोटोतून हेडसरांची सही उचलून खाली चिकटवली आणि मध्ये लिहिलं, "पाण्याची टाकी साफ करायची असल्याने उद्या शाळेला सुट्टी राहील. कृपया नोंद घ्यावी." तीन आठवड्यांपूर्वी ज्यांना फोटो कापता येत नव्हता, त्यांचं हे काम! बाई स्वतःवरच खूश होत्या.

खूश होण्याची गरजही होती. पुढच्या वर्षी सातवीचे सगळे तास पडद्यावर घ्यायचे होते. प्रशिक्षण पास झालात तर सातवी तुमची, नाहीतर ती नव्या सरांना देऊ, असं हेडसरांनी सांगून टाकलं होतं. वर मायेनं म्हणाले होते, "तुम्ही ग्रंथालय बघा बाई, तेवढाच आराम." आराम! त्या शब्दानं बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सातवी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उद्या पहिल्याच तासाला ताई त्यांचा पाठ बघायला वर्गात बसणार होत्या.

"बाई, तुमची सूचना दिसत नाहीये ग्रुपवर," ताई म्हणाल्या.

बाईंनी फोन सुलटा केला आणि बघतात तर काय! सूचना 'सातवी पालक' या ग्रुपवर जाऊन बसली होती. खाली कुणीतरी 'धन्यवाद बाई' लिहूनही मोकळं झालं होतं. घाईघाईनं त्यांनी सूचनेवर बोट दाबून धरलं, पुसायचं म्हटल्यावर फोननं काहीतरी विचारलं, ते न वाचताच त्यांनी हो म्हटलं. सूचना नाहीशी झाली. गेली एकदाची ब्याद! मग त्यांनी ती बरोबर ग्रुपवर टाकली, टाळ्या घेतल्या आणि चूक गिळून घरी आल्या.

घरी चहा टाकतात न टाकतात तोच फोन वाजू लागला. एक आई सुट्टीला कुठे जायचं ते ठरवत होती, एक बाबा टाकीबद्दल शाळेचं कौतुक करत होते.

"अहो, मी पुसलं होतं हो! मग यांना दिसतंय कसं?"

नवऱ्यानं चष्मा लावून फोन पाहिला. "अगं, तू तुझ्यापुरतंच पुसलंस. बाकी सगळ्यांकडे आहे तसंच आहे."

"मग आता सगळ्यांचं पुसते."

"तुझ्याकडे उरलंय कुठे पुसायला?" एवढं बोलून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, पण खांदे हलत होते.

"हसा! माझी सातवी चाललीय आणि तुम्ही हसा!"

मग बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आधीची सूचना खोटी आहे. सराव म्हणून मीच बनवली आणि चुकून इकडे आली. उद्या शाळा आहे." लगेच उत्तर आलं, "बाई, तुमचा फोन कुणी चोरला का?" दुसरं आलं, "वरच्या सूचनेवर हेडसरांची सही आहे. हिच्यावर काहीच नाही. आम्ही सहीवालीच धरतो."

खोटं नटूनथटून आलं होतं आणि खरं बिचारं घरच्या कपड्यांत. बाईंनी हेडसरांना फोन लावला, तो बंद. पाच-सहा घरी लावला, तिथे "बरं, बघू" मिळालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं पुटपुटत त्या चहा प्यायल्या. तो गार झाला होता.

सकाळी शेजारची सहावी नेहमीसारखी गलका करत होती. सातवीत बाकं होती, फळा होता आणि शेवटच्या बाकावर कागद घेऊन बसलेल्या ताई होत्या.

"ताई, कुणी येणार नाही," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "ती सूचना माझ्या हातून पालकांना गेली. काल बोलायचं धाडस झालं नाही. नापास करायचं तर आत्ताच करा, उगाच ताटकळू नका."

"घंटा तर होऊ द्या," ताई म्हणाल्या.

घंटा झाली. वर्ग तसाच. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला, तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी धापा टाकत दारात आली.

"उशीर झाला बाई! आईशी भांडत बसले होते. ती सुट्टी म्हणूनच अडून बसलेली."

तिच्यामागून आणखी दोघं आली, मग चौघं, मग एक घोळकाच. बघता बघता बाकं भरली.

"अरे, तुम्ही आलात कसे?" बाईंनी विचारलं.

"तुमचेच तीन प्रश्न, बाई," वेणीवाली म्हणाली. प्रशिक्षणात जे शिकायच्या ते दुसऱ्या दिवशी बाई सातवीवरच घोटून बघायच्या. कोणी सांगितलं, कशावरून, आणि दुसरीकडे विचारलं का, हे तीन प्रश्न अजून फळ्याच्या कोपऱ्यात होते.

"टाकी मागच्याच आठवड्यात धुतली," एकजण ओरडला. "आम्ही खिडकीतून बघत होतो, तुम्ही रागावलात नाही का!"

"माझी बहीण सहावीत आहे. तिला सूचनाच नाही. टाकी काय एकट्या सातवीची आहे?"

"आणि हेडसर कधी 'कृपया' म्हणतात का?"

वर्ग खो खो हसला. ताईही.

"मग माझं दुसरं लिहिलेलं कसं खरं धरलंत? त्यावर तर सहीपण नव्हती."

वेणीवालीनं खांदे उडवले. "स्वतःचं चुकलं असं खोटं कोण कशाला सांगेल, बाई?"

बाईंनी झटकन फळ्याकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते आणि ते मुलांनी बघायला नको होतं. जरा सावरून त्या ताईंना म्हणाल्या, "मग, पाठ सुरू करू?"

"सुरू होऊन केव्हाचा रंगलाय," ताई लिहिता लिहिता म्हणाल्या.

तेवढ्यात दारात हेडसर. पायात चपला, हातात भाजीची पिशवी, गेटाबाहेरून जाता जाता वळल्यासारखे.

"घंटा ऐकली म्हणून आत आलो," ते गोंधळून म्हणाले. "आज सुट्टी ना? मी कालच फोन बंद करून निवांत झोपलो."

"सर, सुट्टी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सूचना होती की पालकांच्या ग्रुपवर. खाली माझीच सही. म्हटलं, दिली असेल मीच, आणि विसरलो असेन."

मग वेणीवाली बाकावर सरकली आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली, "सर, या, बसा इथे. आम्ही पहिल्याच प्रश्नावर आहोत."

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, फळ्याचा कोपरा वाचला. सगळा उलगडा झाला तसे कानापर्यंत लाल झाले आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. पिशवी बाकाखाली सारून ते गुडघे आखडून बसले आणि त्यांनी हात वर केला.

"बाई, पुढच्या वर्षी मलाही सातवीत घ्याल का?"

बाईंनी खडू उचलला. "बघू," त्या म्हणाल्या. "आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्या."