अर्धं वाक्य बाईंचं

"वहिनी, फोनवरच्या माणसात एवढा जीव अडकवू नकोस. उद्या आवाज बंद झाला तर शोधायचं कुठे?" नणंद म्हणाली होती.

"अगं, स्पॅनिश शिकतेय, सोयरीक जुळवत नाहीये!" मी हसण्यावारी नेलं.

नवरा बोटीवर, चिमणी पाळण्यात. घरबसल्या भाषांतराचं काम मिळावं म्हणून मी शिकायला लागले. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांची रीत न्यारी. सकाळी आवाजी निरोपातून अर्धं वाक्य पाठवायच्या. उरलेलं मी दुपारपर्यंत पुरं करायचं. मग शाबासकी नाहीतर बोलणी.

'असतं तर'ची रूपं आली आणि माझं घोडं अडलं.

"बाई, रूप भूतकाळातून काढायचं, मग गोष्ट उद्याची कशी?"

"नवरा उद्या आला तर काय करशील?"

"दार उघडीन."

"उद्या, आणि वर 'आला'! स्वतःच्या भाषेत खपतं, मग इथेच का गं नाक मुरडतेस?"

मी इतकी हसले की चिमणी दचकून उठली. त्या दिवसापासून ओट्याशी, नळाशी, दोरीवरचे लंगोट काढताना माझं एकच: 'सि तुबिएरा', माझ्याकडे असतं तर. वेळ असता तर. कुणी बोलायला असतं तर. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं काय ते बाईंशीच.

पुढे त्यांच्या वाक्यांत खोकला शिरला.

"औषध घेतलंत?"

"विषय बदलू नकोस. क्रियापद सांग."

मग मंगळवारी आलं, 'सि आल्गिएन तोकारा ला पुएर्ता…' कुणी दार वाजवलं तर…

मी लगेच पुरं केलं: तर मी धावत जाऊन उघडीन. रूपही बरोबर होतं. पण शाबासकी आली नाही, बोलणीही नाहीत. दुसऱ्या सकाळी अर्धं वाक्यही नाही. फोन वाजून वाजून थांबतो. जुने निरोप मी परत परत ऐकते. त्यांच्या आवाजामागे खालून शिलाई मशीनची खडखड येते, मध्येच शाळेची घंटा. पत्ता म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. विचारायचं कधी सुचलंच नाही.

तुमच्या आसपास शाळेजवळ शिंप्याचं दुकान असेल आणि वरच्या मजल्यावर एकट्या बाई राहत असतील, तर तेवढा जिना चढा हो. एकदा वाजवून परतू नका, त्यांना उठायला वेळ लागत असेल. आतून खोकला आला तरी मला पुरे.